श्यामची भीती आणि म्हातारीची मोळी



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला जवळच्या एका शाळेचे पत्र आले. ‘श्यामची आई’ या पुस्तकावर कथाकथन स्पर्धा आहे, पाचवी ते आठवीची मुले पाठवा, विषय ‘मला आवडलेला श्याम’. रविवारच्या बैठकीत मी पत्र वाचून दाखवले आणि पुढचा अर्धा तास त्यावरच गेला. आमचा एक तरुण कार्यकर्ता, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, ताडकन म्हणाला, “ताई, हे ब्राह्मणी संस्कारांचं पुस्तक आहे. आपली पोरं कशाला पाठवायची? फाडून टाका ते पत्र.” दुसऱ्या बाजूला आमचे एक ज्येष्ठ काका. ते म्हणाले, “साने गुरुजींनी पंढरपूरसाठी प्राण पणाला लावले होते. त्या माणसाच्या पुस्तकाबद्दल असं बोलायचं नाही.” दोघेही तावातावाने बोलत होते. मी विचारले, हे पुस्तक तुम्ही शेवटचे कधी वाचले? तरुणाने वाचलेच नव्हते. काकांनी शाळेत असताना वाचले होते, नंतर फक्त पिक्चर पाहिला होता.

म्हणून मी ते पुन्हा वाचायला घेतले, आणि म्हणून हा लेख. दोघांनाही राग येईल असे काही त्यात आहे.

श्याम म्हणजे आदर्श बालक, आईच्या पदराला धरून चालणारा गुणी मुलगा, अशी जी प्रतिमा आपल्या डोक्यात आहे ती पुस्तकापेक्षा पिक्चरची आणि शाळेच्या फळ्याची जास्त आहे. आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि श्याम घराघरांतल्या भिंतीवरचा फोटो झाला. पुस्तकातला श्याम तसा नाही. तो भित्रा आहे, पाण्याला घाबरतो, लपून बसतो. तो चोरी करतो, तीही पुस्तकासाठी, मोठे होण्यासाठी! त्याला पत्रावळ लावता येत नाही आणि शिकायचा कंटाळा असतो. इतर मुलांना मिळू नयेत म्हणून तो झाडावरच्या कळ्याच तोडून आणतो. रुसतो, हट्ट करतो, घरच्या गरिबीची त्याला लाज वाटते. आणि रडतो तर किती!

मला हा श्याम आवडतो, हे आधीच सांगून टाकते. साने गुरुजींनी आपल्या लहानपणाची खोड लपवली नाही. मोठेपणी माणसे आपले बालपण धुऊन-पुसून सांगतात, गुरुजींनी ते मळलेलेच सांगितले. चूक केली, आईने पकडले, शिक्षा झाली, रडलो, शहाणा झालो, असा जवळजवळ प्रत्येक रात्रीचा क्रम आहे. मराठी मुलांच्या पुस्तकांत इतका दुबळा नायक त्याआधी मला तरी आठवत नाही.

पण इथेच आपला पहिला प्रश्न उभा राहतो. चूक करून शहाणे होण्याची मुभा कोणाला असते?

तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या सातवीच्या एका मुलाने वर्गातल्या सहलीच्या पैशांतून दोनशे रुपये उचलले. त्याने ते कबूल केले, आईने ते परत नेऊन दिले. मी त्याच्याबरोबर शाळेत गेले होते. मला ऐकवण्यात आले, “मॅडम, आम्ही किती समजावणार? यांच्यात हे असंच असतं.” ‘यांच्यात’ हा शब्द ऐका. त्या मुलाचे नाव घेतले नाही, ‘यांच्यात’ म्हटले. महिन्याभरात त्याच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला होता. श्यामच्या चोरीला पुस्तकात एक प्रकरण मिळाले, आमच्या पोराच्या चोरीला दाखला मिळाला. एम.ए.ला असताना गॉफमनचे ‘स्टिग्मा’ वाचून मी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती, पण कलंक म्हणजे काय ते त्या शाळेच्या ऑफिसात, टेबलासमोर उभे असताना कळले. बसायलाही कोणी सांगितले नव्हते. वरच्या जातीचा मुलगा चुकतो तेव्हा तो मुलगा चुकतो, आणि आपला मुलगा चुकतो तेव्हा जात चुकलेली असते.

आता ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणाकडे येऊ. ‘श्यामची आई’मध्ये समतेचा धडा आहे असे ज्यांना सांगायचे असते ते हेच प्रकरण पुढे करतात. एक म्हातारी महारीण डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडते, तिला एकटीला ती उचलवत नाही. कोणी जातवाला त्या वाटेने येईल, हात देईल, म्हणून ती ताटकळते. श्यामची आई ते पाहते आणि श्यामला म्हणते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे. श्याम घाबरतो. लोक हसतील, मारतील. आई त्याला युक्ती सांगते. कोणी विचारले तर सांग, घरी जाऊन आंघोळ करणारच आहे. श्याम जातो, मोळी उचलून देतो आणि आंघोळ करतो.

माणसाने माणसाला हात लावला आणि मग तो हात धुतला. शाळेत हे आम्हाला करुणा म्हणून शिकवले गेले.

हे प्रकरण मी फार जवळून ओळखते. सहावीत असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘श्यामची आई’चे प्रवेश बसवले होते. बाईंनी श्याम निवडला, आई निवडली, शेजारीपाजारी निवडले. मोळीवाल्या म्हातारीसाठी वर्गभर नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. कोणी काही बोलले नाही. बाईंना कदाचित ते कळलेही नसेल, इतके ते सहज होते. मला एकच वाक्य होते, “देव तुझं भलं करो, बाळा.” मी ते घरी आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहिले. कार्यक्रमाच्या दिवशी श्यामने मोळी माझ्या डोक्यावर ठेवली, टाळ्या पडल्या, आणि तो बाजूला जाऊन तांब्याने अंगावर पाणी घेतल्याचा अभिनय करू लागला. त्याला परत टाळ्या. माझी आई पुढच्या रांगेत बसली होती. घरी येताना ती गप्प होती. रात्री भाकरी करताना एवढेच म्हणाली, “पुढल्या वर्षी नाचात भाग घे.”

ही तक्रार उगाळण्यासाठी मी लिहीत नाही. या वेळी पुस्तक वाचताना मला एक वेगळीच गोष्ट खटकली. त्याच पुस्तकात ‘श्यामचे पोहणे’ नावाचे प्रकरण आहे. गावातली मुले विहिरीवर पोहायला निघतात, श्याम भीतीने लपून बसतो. आई काय करते? त्याला पळवाट देते का? तू आज काठावर बस, कोणी विचारले तर सर्दी झाली म्हणून सांग, असे म्हणते का? अजिबात नाही. शिंपटीने मारत त्याला बाहेर काढते आणि पोहायला पाठवते. मुलगा ओरडतो, रडतो, तिच्या पोटात तुटत असते, तरी ती मागे हटत नाही. माझ्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये एवढाच तिचा हट्ट. विहिरीत ढकलल्यावर श्यामची भीती जाते.

म्हणजे भीती कशी मोडायची हे या आईला पक्के ठाऊक होते. पाण्याची भीती तिने मोडली. चोरीचा मोह मोडला, आळस मोडला, हट्ट मोडला. पण श्यामची सगळ्यात मोठी भीती, लोक काय म्हणतील ही भीती, जातीबाहेर हात गेला तर मार बसेल ही भीती, तिथे मात्र तिने शिंपटी उचलली नाही. तिथे तिने आंघोळ दिली. ही भीती तशीच राहिली, फक्त तिला लपायला जागा मिळाली.

श्यामच्या उणिवांची यादी करणारे सगळे लेखक चोरी, रुसवे, भित्रेपणा लिहितात. ही उणीव यादीत कधी येत नाही, कारण ती उणीव मोजणाऱ्यांचीही आहे.

याला लगेच उत्तर तयार असते. “ताई, काळ बघा! विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे कोकण, एक गरीब, कर्जाने पिचलेली बाई. तिने एवढे केले हेच खूप!” हे मला अर्धे मान्य आहे. श्यामच्या आईला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. सावकाराचा माणूस दारात येऊन अब्रू काढतो तेव्हा तिची होणारी तगमग मला माझ्या आईच्या बचत गटातल्या बायकांमध्ये रोज दिसते. ती बाई स्वतःच बांधलेली होती. पण ‘काळ’ हा शब्द जपून वापरा. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो १८६८ साली. तोही काळच होता, आणि श्यामच्या बालपणाच्या कितीतरी आधीचा! काळ सगळ्यांना सारखाच मिळाला होता. कोणी हौद उघडला, कोणी आंघोळ केली.

आणि काळाचाच हिशेब करायचा तर नीट करू. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ९ फेब्रुवारी १९३३ला सुरुवात केली आणि १३ तारखेच्या पहाटे संपवले. आता त्याच आठवड्यात बाहेर काय चालले होते ते पाहा. नाशिक म्हणजे काळाराम मंदिराचे नाशिक. २ मार्च १९३०ला आपल्या माणसांनी तिथे सत्याग्रह सुरू केला होता आणि तो लढा अजून मिटलेला नव्हता. ११ फेब्रुवारी १९३३ला, म्हणजे गुरुजी रात्रंदिवस लिहीत असतानाच, गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्यासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागितला होता. बाबासाहेबांनी स्पष्ट कळवले की अस्पृश्यता हे जातिव्यवस्थेचेच फळ आहे, जात राहील तोवर अस्पृश्य राहतील. आणि १४ फेब्रुवारीला, पुस्तक पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंदिर प्रवेशाच्या विधेयकावरचे बाबासाहेबांचे निवेदन प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा की मंदिराचे दार उघडायचे की नाही हा तुमच्या सभ्यतेचा प्रश्न आहे, मी त्यासाठी याचना करणार नाही. आमच्या लोकांची उन्नती शिक्षणाने, नोकऱ्यांनी, रोजगाराच्या चांगल्या साधनांनी होईल.

पाच-सहा दिवसांच्या अंतरात दोन लेखण्या चालल्या. एकीत म्हातारी वाटेवर उभी राहून कोणीतरी हात देईल म्हणून थांबली आहे. दुसरीत तीच म्हातारी म्हणते, उचलायची तर उचला, नाहीतर बाजूला व्हा. ऑक्टोबर १९३५मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. ‘श्यामची आई’ पुस्तकरूपाने आले तेही १९३५चेच साल. महाराष्ट्राने त्यातले कोणते शाळेत नेले ते आपण पाहतोच आहोत.

आता काकांचा मुद्दा. साने गुरुजींनी मे १९४७मध्ये पंढरपूरला विठ्ठल मंदिरासाठी उपोषण केले, १ ते १० मे, आणि दार उघडले. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर फिरले, स्वकीयांच्या शिव्या खाल्ल्या. हे मी नाकारणार नाही. उलट मी म्हणते, आंघोळ करणारा तो श्याम सत्तेचाळिसाव्या वर्षी पंढरपुरात त्या भीतीच्या विहिरीत उतरला. आईने जे केले नाही ते त्याने स्वतः केले. पण मग शाळांनी मुलांना श्यामची ही पुढची गोष्ट का सांगू नये? मोळी आणि आंघोळीपाशीच का थांबायचे? आणि पंढरपूरचे दार उघडून जात गेली का, हा प्रश्न तरीही उरतोच. बाबासाहेबांनी तो चौदा वर्षे आधीच विचारून ठेवला होता.

आता तरुण मित्राशी बोलते, कारण आपल्या बाजूचीही एक चूक आहे आणि ती मला जास्त सलते.

आपण आपल्या मुलांना भीमरावाचे बालपण कसे सांगतो? दिव्याखाली अठरा-अठरा तास अभ्यास, कधी चुकला नाही, कधी घाबरला नाही, कधी रडला नाही. चौदा एप्रिलला पाचवीतली मुलगी माईकवर हे पाठ म्हणून दाखवते आणि घरी जाऊन स्वतःलाच विचारते, मला तर गणित येत नाही, मला तर अंधाराची भीती वाटते, मग मी काय भीमाची लेक? श्यामला दुबळे असण्याची मुभा आहे आणि आपण आपल्या सर्वात मोठ्या माणसाला लहानपणीसुद्धा ती देत नाही.

बाबासाहेबांनी स्वतः ती दिली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचा, छोटेसे आहे, दोन तासांत होते. त्यात सुरुवातीलाच ते सांगतात की आमचे घराणे मूळचे दापोली तालुक्यातले. श्यामचे पालगडही दापोली तालुक्यातच. एकाच मातीतली दोन मुले. १९०१ सालची गोष्ट. भीमाची आई तो लहान असतानाच वारली होती, वडील नोकरीसाठी बाहेरगावी. सुट्टीत त्यांना भेटायला म्हणून नऊ वर्षांचा भीमा, भाऊ आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून निघतात. अंगावर नवे कपडे, आगगाडीचा आनंद. मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर चौकशी करतो, मुले महार आहेत कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाले गाडी द्यायला तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट भाडे ठरते आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवाला पायी चालणार. डबा भरलेला आहे, पण पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर भीमा नाकेदाराकडे पाणी मागतो. आपण मुसलमान आहोत असे सांगतो, उर्दूत बोलून पाहतो. तरी पाणी मिळत नाही. मुले न जेवताच झोपतात.

खोटे बोलला की नाही भीमा? बोलला. घाबरला की नाही? घाबरला. त्याने तसे लिहून ठेवले, लाजला नाही. श्यामला पाण्याची भीती होती आणि भीमाला पाण्याची तहान होती. श्यामच्या खोट्याला, चोरीला समजावून सांगायला रात्रभर जागणारी आई होती. भीमाच्या खोट्याला एक नाकेदार होता. हा भीमा मी अभ्यासिकेत सांगितला तेव्हा मुले एरवी करतात तशी चुळबुळ करत नव्हती. एक मुलगा म्हणाला, “दीदी, मीपण आडनाव खोटं सांगितलं होतं, क्रिकेटच्या ग्राउंडवर.” वर्षभरात त्याने हे कोणाला सांगितले नव्हते.

तेव्हा पत्र फाडायचे नाही असे मी बैठकीत म्हटले आणि पुष्कळ वादानंतर ते मान्य झाले. ज्या पुस्तकाने आपल्याला वाटेवर उभे केले ते आपण वाचायचेच नाही, तर मग त्याचा अर्थ दुसरेच लावत राहणार. आपण मुलगी पाठवायची, विषय तोच घ्यायचा, ‘मला आवडलेला श्याम’. विहिरीतला श्याम, चोरी करणारा श्याम तिने प्रेमाने सांगावा. मग मोळीचे प्रकरण सांगावे, पण म्हातारीच्या जागेवरून. डोक्यावर मोळी बसल्यावर ती चार पावले गेली असेल, मागून पाण्याचा आवाज आला असेल, तिथून.

परीक्षक याला विषयांतर म्हणतील, बक्षीस मिळणार नाही, हे मुलीच्या आईलाही सांगून ठेवले आहे. ती म्हणाली, “नाही मिळालं तर नाही मिळालं. तिला पाठ तरी होईल.”

सराव सुरू आहे. मुलगी सातवीत आहे, तोतरी नाही पण घाईत शब्द खाते. परवा मध्येच थांबली आणि म्हणाली, “दीदी, त्या मोळीचे म्हातारीला किती पैसे मिळाले असतील?” इतक्या वर्षांच्या अभ्यासात, एवढ्या भाषणांत, समीक्षेत हा प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकला नाही. मला उत्तर येत नव्हते. आम्ही तिच्या आजीकडे गेलो. आजीने लग्नाआधी गावी मोळ्या विकल्या आहेत. किती मिळायचे ते तिला नीट आठवेना. म्हणाली, “दिवसाचं मीठमिरची निघायची कशीबशी. पण पैसे हातात नाही द्यायच्या त्या बाया. वरून टाकायच्या. एखादा नाणा मातीत पडला तर शोधत बसायचं आणि त्या दारात उभ्या राहून बघायच्या.”

मुलीने हे वहीत लिहून घेतले. स्पर्धा येत्या शनिवारी सकाळी अकराला आहे. आपल्यातले जे मोकळे असतील त्यांनी यावे, मागच्या रांगेत बसायचे नाही.